गाण्यातले कूट आणि ऐकणाऱ्याचा धर्म

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



ज्या वास्तूच्या कपाटांतून ज्ञानेश्वरीच्या आणि तुकोबांच्या गाथेच्या जीर्ण प्रती जिवापाड जपल्या गेल्या, त्या वास्तूच्या शतकमहोत्सवात इंग्रजी पॉप गाण्यांवर व्याख्यान व्हावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. तेथे बीटल्सचे काय काम, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु आजचा खरा विषय आहे वाचकाच्या एका पुरातन खोडीचा. शब्द ओळखीचे आहेत, वाक्यही सरळ दिसते, पण अर्थ काही हाती लागत नाही, अशी ओळ समोर आली की माणसाला चैन पडत नाही. तो ती उलटीपालटी करून पाहतो, दुसऱ्याला विचारतो, पुस्तके धुंडाळतो आणि कधी कधी नको तेथे जाऊन पोचतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही खोडी ग्रामोफोनच्या तबकडीवरील गाण्यांच्या बाबतीत जितकी उघडपणे दिसली, तितकी क्वचितच दिसली असेल. म्हणून उदाहरणे तेथली. तत्त्व मात्र आपल्या घरचे आहे.

ते घरचे तत्त्व आधी पाहू. महाभारताच्या आदिपर्वाच्या प्रचलित पाठात एक कथा येते. व्यासांनी भारत रचावयास घेतले आणि लेखनिक म्हणून गणपतीला पाचारण केले. माझी लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ समजल्याखेरीज एक अक्षरही लिहावयाचे नाही, ही व्यासांची उलट अट. मग व्यास मधूनमधून असा एखादा गाठीचा श्लोक घालीत की प्रत्यक्ष गणपतीलाही विचार करावा लागे. तेवढ्या अवधीत व्यास पुढचे श्लोक रचून घेत. अशा कूटश्लोकांची संख्या परंपरेने ८,८०० सांगितली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने ही गणपतीची कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. कथा मागाहून शिरलेली असेल, पण तिच्यातला अनुभव खरा आहे. कूट रचणाऱ्याला उसंत देते आणि वाचणाऱ्याला थांबवते.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी या प्रकाराचा विचार केलेला आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे, म्हणजे कोड्याचे, सोळा प्रकार वर्णिले. त्यानंतर कित्येक शतकांनी ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने मात्र रोखठोक निवाडा दिला. प्रहेलिका ही रसाच्या वाटेत आडवी येते, म्हणून तिला अलंकार म्हणता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. बुद्धी गाठ सोडविण्यात गुंतली की हृदयाला आस्वाद घ्यावयास सवड उरत नाही, हा त्यातला आशय. वाचावयाच्या कवितेपुरता हा निवाडा बराचसा पटतो. परंतु मग एक पेच उभा राहतो. ज्या गाण्यांचा अर्थ कोणालाच नीट लागला नाही, ती गाणी लक्षावधी लोकांनी पाठ का केली? अर्धशतक उलटून गेल्यावरही ती का गायली जातात? कोडे रसाच्या आड येत असेल, तर येथे रस कोणत्या वाटेने आला?

उत्तर सूचित करणारी तीन गाणी पाहू. ती तीन प्रकारची आहेत, आणि त्या प्रकारभेदातच या विषयाचे मर्म आहे.

पहिले गाणे अमेरिकेतले. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर आयोवा राज्यातील क्लिअर लेक या गावाजवळ एक छोटे विमान कोसळले. त्यात रॉक संगीतातील तीन तरुण गायक मृत्यू पावले : २२ वर्षांचा बडी हॉली, १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स आणि २८ वर्षांचा जे. पी. रिचर्डसन. त्यांच्याबरोबर २१ वर्षांचा वैमानिकही गेला. न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल या गावी घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या डॉन मॅक्लीन नावाच्या १३ वर्षांच्या मुलाने ती बातमी आपल्या जवळच्या अंकांतच वाचली. १२ वर्षांनी, १९७१ साली, त्याने ‘अमेरिकन पाय’ हे गाणे प्रसिद्ध केले. येथला ‘पाय’ म्हणजे फळांचे सारण भरून भट्टीत भाजलेला, अमेरिकन घराघरांत होणारा गोड पदार्थ. शरीराचा अवयव नव्हे. सुमारे साडेआठ मिनिटांचे हे गाणे जानेवारी १९७२ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोचले.

या गाण्यात बडी हॉलीचे नाव कोठेही येत नाही. येतात ते राजा, राणी, विदूषक, न्यायालय, खेळाचे मैदान आणि सैतान. श्रोत्यांनी लगेच कोष्टके मांडली. राजा म्हणजे एल्विस प्रेस्ली, विदूषक म्हणजे बॉब डिलन, अमुक म्हणजे बीटल्स, तमुक म्हणजे रोलिंग स्टोन्स. गाण्यात १९५९ पासूनच्या दशकाचा इतिहास दडला आहे, या विश्वासाने ओळीओळीवर भाष्ये झाली. मॅक्लीन मात्र वर्षानुवर्षे उत्तर टाळीत राहिला. या गाण्याचा अर्थ एवढाच की आता आपल्याला पोटासाठी राबावे लागणार नाही, असे तो थट्टेने म्हणे. एप्रिल २०१५ मध्ये त्याच्या हस्तलिखिताचा न्यूयॉर्क येथे १२ लाख डॉलरांना लिलाव झाला. त्या वेळी त्याने एवढेच सुचविले की, सारे काही चुकीच्या दिशेने चालले आहे आणि जीवनातला भाबडा गोडवा ओसरतो आहे, ही त्या गाण्यामागील भावना होती. २०२२ च्या माहितीपटात तर राजा म्हणजे प्रेस्ली आणि विदूषक म्हणजे डिलन हे समीकरण त्याने सरळ नाकारले. पन्नास वर्षे पाठ केलेले कोष्टक असे एका वाक्यात पुसले गेले.

तरीही या गाण्यात कूट आहे, हे नाकारता येत नाही. विमानाचा अपघात खरा, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा खरा, गाण्याच्या संग्रहावरील बडी हॉलीला केलेले अर्पण खरे. म्हणजे येथे कुलूप आहे आणि किल्लीही आहे. फक्त ती किल्ली पहिल्या दालनापुरतीच चालते. आतली दालने शोकाची आहेत. तेथे नावांची यादी घेऊन जाणाऱ्याला काही सापडत नाही. आपल्या बालपणाबरोबर एक काळ मेला, ही वेदना ज्याला कळली, त्याला विदूषक कोण हे ठाऊक नसले तरी गाणे कळले.

दुसरे गाणे इंग्लंडमधले, १९६७ सालचे. बीटल्सचा जॉन लेनन लिव्हरपूलच्या क्वॉरी बँक या शाळेत शिकला होता. त्याच शाळेतल्या एका विद्यार्थ्याने त्याला पत्राने कळविले की, आमचे शिक्षक वर्गात तुमच्या गीतांचा अर्थ लावायला शिकवतात. आता लावा म्हणावे याचा अर्थ, अशा मिस्कील ईर्षेने लेननने ‘आय ॲम द वॉलरस’ या गाण्यात मुद्दाम असंबद्ध प्रतिमांची रास घातली, असे त्याच्या बालमित्राने पुढे लिहून ठेवले आहे. शिक्षकी पेशातल्यांनी हा प्रसंग कायम ध्यानात ठेवावा असा आहे. ‘कवीला येथे काय म्हणावयाचे आहे?’ हा प्रश्न परीक्षेच्या कागदावर छापताना, काहीही न म्हणण्यातच कवीला आनंद वाटत असण्याची शक्यता आपण सहसा गृहीत धरत नाही.

परंतु गंमत पुढेच आहे. गाण्यातला वॉलरस, म्हणजे सुळे असलेला तो अगडबंब समुद्रप्राणी, लेननने लुईस कॅरॉलच्या १८७१ च्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकातून उचलला. त्या पुस्तकातील एका कवितेत वॉलरस आणि सुतार असे दोघे समुद्रकिनारी फिरावयास निघतात, कालवांना गोड बोलून बरोबर नेतात आणि शेवटी सारी फस्त करतात. लेननने स्वतःला वॉलरस म्हणवून घेतले. ती कविता पुन्हा वाचल्यावर त्या गोष्टीतला दुष्ट तर वॉलरसच आहे, हे आपल्या ध्यानात आले, असे त्याने १९८० च्या एका मुलाखतीत सांगितले. आपण सुताराचे नाव घ्यावयास हवे होते, असे त्याला वाटले. आपल्या गाण्याचा एक धागा कोठे जातो, हे पाहावयास खुद्द गीतकारालाही जुने पुस्तक पुन्हा उघडावे लागले!

याच गाण्याच्या शेवटी काही अस्पष्ट संवाद ऐकू येतात. २९ सप्टेंबर १९६७ रोजी ध्वनिमुद्रणाचे काम चालू असताना सहज एक रेडिओ लावला गेला. बी.बी.सी.वर शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ चालू होते. ते तसेच गाण्यात मिसळले गेले. चौथ्या अंकातील ऑस्वल्डच्या मृत्यूचा प्रसंग अशा रीतीने निव्वळ योगायोगाने गाण्यात उतरला. हा योगायोग ध्यानात ठेवावा. त्याचे पुढे काय झाले ते पाहावयाचे आहे.

तिसरे गाणेही १९६७ चेच : प्रोकोल हारम या वाद्यवृंदाचे ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’. शब्द कीथ रीडचे. शीर्षकातला शब्दप्रयोग त्याला एका मेजवानीत कानावर पडला. कोणी तरी एका स्त्रीला, तुझा चेहरा पांढराफटक पडला आहे, अशा अर्थाचे काही चमत्कारिक शब्दांत म्हणत होते. त्यावरून गाणे जन्मले. त्यात नृत्य आहे, मद्य आहे, समुद्र आहे, रोमच्या अग्निदेवतेच्या कुमारिका आहेत आणि एका गिरणीवाल्याच्या कथेचा उल्लेख आहे. इंग्रजीच्या अभ्यासकांनी तत्काळ चौदाव्या शतकातील चॉसरच्या गिरणीवाल्याची कथा काढली. आपण ती कथा वाचलेलीच नव्हती, असे रीडने सांगितले. गाणे इंग्लंडमध्ये सलग सहा आठवडे अग्रस्थानी होते. बाखच्या संगीताची छाया असलेले त्यातले ऑर्गनचे सूर इतके महत्त्वाचे ठरले की, ते वाजविणाऱ्या मॅथ्यू फिशरला स्वररचनेतला वाटा मिळावा की नाही, हा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००९ साली निकाल फिशरच्या बाजूने लागला. या गाण्याच्या शब्दार्थाबद्दल दोघांचे एकमत होणे कठीण. पण ते ऐकताना मनात जे दाटून येते, ते उत्सव संपत आल्यावरचे, काही तरी हातून निसटल्याचे औदासीन्य, याबद्दल मतभेद फारसा होणार नाही.

येथेच विश्वनाथाच्या निवाड्याने उभ्या केलेल्या पेचाला उत्तर मिळते. वाचलेल्या कोड्यात बुद्धी आधी पुढे होते आणि रस दाराबाहेर ताटकळतो. गायलेल्या कोड्यात क्रम उलटा असतो. चाल, ताल, आवाजातला कंप, ऑर्गनचा दीर्घ स्वर यांच्यावाटे रस आधीच आत येऊन बसलेला असतो. अर्थ मागाहून दार ठोठावतो. म्हणून गाण्यातले कूट रसाचे वैरी ठरत नाही. उलट, ज्याचा आस्वाद घेऊन झाला आहे त्याच्याकडे पुन्हा वळावयास ते एक निमित्त देते.

ही गोष्ट मराठी रसिकाला नवी वाटू नये. मुक्ताबाईंच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. टाळमृदंगाच्या साथीत तो ऐकणाऱ्या वारकऱ्याने प्रथम अद्वैताचे भाष्य मागितलेले नसते. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि कामक्रोधाच्या त्या विषावर सत्त्वगुणाचा उतारा सांगितला जातो. तेथे किल्ली नाथांनीच आपल्या हाती ठेवली आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या लता मंगेशकरांच्या स्वरांत ऐकताना कितीक श्रोत्यांचे डोळे अर्थ उमगण्यापूर्वीच ओलावले असतील. आणि ग्रेस! कवी ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, यांच्यावर दुर्बोधतेचा आरोप आयुष्यभर झाला. परंतु पंडित हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींतून, आणि विशेषतः दूरदर्शनवरील ‘महाश्वेता’ या मालिकेच्या शीर्षकगीतातून, त्यांचे शब्द ज्या घरांत पोचले, तेथे कवितासंग्रह विकत घेण्याची चाल नव्हती. संध्याकाळी स्वयंपाकघरातून ते गीत ऐकणाऱ्या गृहिणीने दुर्बोधतेची तक्रार केली नाही. तिला जे कळावयाचे ते कळले होते. समीक्षकाला जे पुस्तकात बोचले, ते तिला स्वरांत बोचले नाही.

मग अर्थ शोधूच नये काय? असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आळसाला शास्त्राचा आधार दिल्यासारखे होईल. शोध अवश्य घ्यावा. पण रस बाजूला सारून नुसती किल्लीच शोधणाऱ्याचे काय होते, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले हसविणारे, दुसरे अंगावर काटा आणणारे.

१९६९ च्या शरदात अमेरिकेत एक अफवा पसरली. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी कधीच मरण पावला असून त्याच्या जागी एक तोतया उभा आहे, आणि ही गोष्ट गाण्यांत व वेष्टनांवरील चित्रांत सूचित केलेली आहे, अशी ती अफवा. ‘ॲबी रोड’च्या वेष्टनावर पॉल अनवाणी चालतो, म्हणजे तो प्रेत! तेथल्या मोटारीच्या क्रमांकात २८ हा आकडा आहे, म्हणजे जिवंत असता तर २८ वर्षांचा असता! जून १९४२ मध्ये जन्मलेला पॉल त्या वेळी २७ वर्षांचा होता, हा साधा हिशेबही कोणाला आड आला नाही. आणि ‘वॉलरस’च्या शेवटी रेडिओवरून योगायोगाने मिसळलेला तो ऑस्वल्डचा मृत्यू? तोही पुरावा ठरला. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाने स्कॉटलंडमधील शेतावर पॉलला गाठून, तो हयात असल्याचे छापले. १९९३ साली पॉलने त्याच वेष्टनाची नक्कल करून ‘पॉल इज लाइव्ह’ या नावाची ध्वनिफीत काढली आणि सर्वांना हसविले.

दुसरे उदाहरण त्याच वर्षाचे. नोव्हेंबर १९६८ मध्ये बीटल्सचा जो पांढऱ्या वेष्टनाचा संच निघाला, त्यात ‘हेल्टर स्केल्टर’ नावाचे गाणे होते. इंग्लंडमधल्या जत्रांत उंच मनोऱ्याभोवती वळसे घेत खाली येणारी घसरगुंडी असते, तिचे हे नाव. इंग्लंडच्या लहान मुलालाही ते ठाऊक असते. कॅलिफोर्नियात एक टोळी जमवून बसलेल्या चार्ल्स मॅन्सनने मात्र त्यात येऊ घातलेल्या वंशयुद्धाची आज्ञा ऐकली, असे पुढे खटल्यात सरकार पक्षाने मांडले. ऑगस्ट १९६९ मध्ये लागोपाठ दोन रात्रींत त्याच्या अनुयायांनी सात जणांची हत्या केली. त्यांत अभिनेत्री शॅरन टेट ही गर्भवती होती. दुसऱ्या घरात शीतकपाटाच्या दारावर त्या गाण्याचे नाव रक्ताने, तेही चुकीच्या वर्णांनी, लिहिलेले आढळले. १९७१ मध्ये मॅन्सन दोषी ठरला आणि २०१७ मध्ये बंदिवासातच मेला.

गाण्याने खून करविला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्रौर्य मॅन्सनचे होते. गाणे निमित्तालाच होते. परंतु त्याच्या ऐकण्याची रीत नीट न्याहाळली तर तिच्यातले दोष ओळखीचे वाटतात, आणि म्हणूनच अस्वस्थ करतात. त्याने शब्दाचा साधा, लोकांतला अर्थ विचारला नाही. गाणे सर्वांसाठी गायलेले असताना, ते आपल्यालाच उद्देशून आहे असे त्याने मानले. आणि आपल्या अर्थाला दुसरा अर्थ शेजारी असू शकतो, ही शक्यता त्याने ठेवली नाही. हे तिन्ही दोष सौम्य प्रमाणात प्रत्येक वाचकात असतात. धर्मग्रंथांचे, इतिहासाच्या कागदांचे आणि नेत्यांच्या वचनांचे अर्थ लावतानाही ते असतात. तेथे त्यांची किंमत कधी कधी साऱ्या समाजाला मोजावी लागते. पॉप गाण्यांतील कुटांचा विचार करमणुकीपुरता मर्यादित राहत नाही, तो यामुळे.

तेव्हा ऐकणाऱ्याचा धर्म या तीन दोषांच्या उलट वाटेने जातो. त्याने आधी गाणे गाणे म्हणून ऐकावे आणि रसाला त्याचे आसन द्यावे. मग शब्दाचा सरळ अर्थ आणि त्याचे मूळ गाव शोधावे. घसरगुंडीला घसरगुंडी म्हणावे, कालवे खाणारा वॉलरस पुस्तकात जाऊन पाहावा. येथे किल्ली आहे, की गीतकाराचा खेळ आहे, की जिला किल्लीच नाही अशी हुरहुर आहे, हे ओळखावे. कारण हुरहुरीवर किल्ली चालविली तर कुलूप मोडते आणि हाती काही येत नाही. आणि शेवटी आपल्याला लागलेला अर्थ दुसऱ्याच्या अर्थाशेजारी ठेवून पाहावा. जो अर्थ दुसऱ्यासमोर मांडण्याची आपली तयारी नसते, त्याच्याविषयी आपणच प्रथम साशंक व्हावे.

हा शेवटचा भाग घरी एकट्याने साधत नाही. त्यासाठी अशी वास्तू लागते. येथे चॉसर आणि चोखामेळा एकाच छताखाली असतात. एकाने समासात पेन्सिलीने लिहिलेला अर्थ पाहून दुसरा सभासद मनाशी हसतो, चिडतो किंवा विचारात पडतो. पुस्तकात लिहू नये हा नियम मोडल्याबद्दल ग्रंथपाल रागावतात, तो त्यांचा अधिकारच आहे. पण त्या पुसट अक्षरांतून एक संवाद चालू असतो. एकाच ओळीचे पाच अर्थ शंभर वर्षे शेजारी शेजारी नांदू देणे, हे ग्रंथालयाचे न बोलता चाललेले कार्य आहे. व्यासांच्या गाठीच्या श्लोकाने गणपतीला क्षणभर थांबविले, असे म्हणतात. अर्थासाठी क्षणभर थांबावे, सरळ अर्थ विचारावा आणि मग पान उलटावे, एवढे शिकविणारी ही जागा दुसऱ्या शतकातही अशीच उघडी राहो.